आंबा सोडून वड

पहाटेचे पाच वीस. मे महिना. कल्याण पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या आवाराच्या पडक्या भिंतीशी मी उभी आहे. आवार कुणाचं, गल्ली कुठली, ते मुद्दाम सांगत नाही. पत्ता छापून आला की पहिल्या रविवारी कॅमेरे येतात आणि दुसऱ्या रविवारी ‘उडतानाचा फोटो’ हवा म्हणून कुणीतरी दगड उचलतं. भिंतीच्या आत चार झाडं आहेत. एक वड, दोन चिंचा आणि एक आंबा.

पहिलं वटवाघूळ येतं ते आवाज न करता. उल्हास नदीच्या अंगाकडून, गोवेलीच्या की त्याच्याही पलीकडच्या वाड्यांवरून ते परततंय, कुणास ठाऊक. फिकट आभाळावर एक काळा आकार मोठा होत जातो. पंख पसरले की या जातीचा पल्ला चार फुटांच्या पुढे जातो. भारतातलं हे सगळ्यात मोठं वटवाघूळ, टेरोपस मेडियस. एक फेरी वडाला, मग वेग तोडून शेंड्याजवळच्या फांदीत घुसणं, पायांनी पकड, एक झोका, आणि ते उलटं स्थिर. त्याच्या मागोमाग दोन, मग पाच, मग मोजणं सोडून द्यावं लागतं. दहा मिनिटांत वडाचा वरचा निम्मा भाग काळ्या-तपकिरी गाठोड्यांनी भरतो आणि आता मात्र जो कलकलाट सुरू होतो त्यापुढे रेल्वेचा भोंगा मऊ वाटावा.

भांडण जागेवरून आहे. मानेवर सोनेरी-तांबूस केस असलेला एक मोठा नर वरच्या फांदीवर पंखाच्या अंगठ्याने शेजाऱ्याला ढकलतो. शेजारी दोन हात खाली सरकतो, तिथल्याला ढकलतो. लोकलमध्ये खिडकीपासून चौथ्या सीटपर्यंत जी उतरंड असते तीच इथे वरून खाली लागलेली आहे. गेरहार्ड नॉयवाइलर या जर्मन शास्त्रज्ञाने १९६९ साली भारतातल्या एका वसाहतीवर लिहिलेल्या अभ्यासात नरांची ही उभी क्रमवारी नोंदवलेली आहे. दांडगे नर वर, दुय्यम नर खाली, आणि प्रत्येकाची फांदी ठरलेली. म्हणजे झाड निवडणं हा निर्णय रोजचा नाही. झाड ठरलेलं आहे, बहुधा या सगळ्यांच्या जन्माआधीच ठरलेलं आहे. रोज भांडण होतं ते फक्त पत्त्यातल्या खोली नंबरावरून.

वड भरला. दोन्ही चिंचा भरल्या. आंब्यावर एकही नाही.

आंबा इतका भरगच्च आहे की त्याच्या आतलं काही दिसत नाही. सावली हवी, आडोसा हवा, तर त्याच्याइतकं चांगलं झाड या गल्लीत दुसरं नाही, असं कुणीही म्हणेल. पण दुर्बीण वडाच्या फांद्यांवरून आंब्यावर आणि पुन्हा वडावर फिरवली की हिशेब उलगडायला लागतो. या प्राण्याला जमिनीवरून किंवा गर्दीतून सुखाने उडता येत नाही. त्याला पायांची पकड सोडून खाली मोकळी हवा हवी. वडाच्या त्या आडव्या, लांब फांद्यांखाली दोन मजले रिकामी जागा आहे. चिंचेचं पान बारीक, फांदी लवचीक, बाहेरच्या बाजूने कुठूनही शिरता येतं. आंब्यात शिरायचं तर पंख मिटून पानांच्या भिंतीवर आदळावं लागेल, आणि त्याची एक बाजू शेजारच्या इमारतीला टेकलेली. आंब्याशी त्यांचं वैर आहे असं मात्र नाही. उत्तर भारतात आमराईत वसाहती असतात. हा आंबा अडचणीचा आहे, एवढंच.

दुसरी गोष्ट उजेडाची. वटवाघूळ म्हटलं की आपल्याला अंधार आठवतो. पण ही जात प्रतिध्वनीवर चालत नाही, डोळ्यांवर चालते. तिचे डोळे मोठे आहेत, चेहरा कोल्ह्याच्या पिल्लासारखा लांबट, कान टोकदार. उजेडात टांगून घ्यायला तिची हरकत नसते, उलट कोण येतंय हे चहूबाजूंनी दिसायला हवं. म्हणून शेंडा उघडा असलेलं झाड. काही पानं तर वर्षानुवर्षं फांद्यांवर चालून, नखांनी धरून ती स्वतःच झाडून टाकतात. वडाच्या ज्या फांद्या आज काटक्यांसारख्या दिसतात त्या रोगाने वाळलेल्या नाहीत, वापराने उघड्या पडलेल्या आहेत.

“ताई, तिथं नका उभ्या राहू. ही वेळ वाईट.”

रिक्षावाले दादा सांगतात ते ऐकून मी दोन पावलं मागे होते, आणि मी उभी होते तिथे टपकन काहीतरी पडतं. स्टँडचा पत्र्याचा बोर्ड वडाला ठोकलेला आहे, रिक्षा मात्र दुसऱ्या चिंचेच्याही पलीकडे उभ्या आहेत. नियमाने नव्हे, टपांवरच्या डागांनी ही रांग सरकवलेली आहे. खाली जमिनीवर चोथ्याच्या गोळ्या पडल्यात, फळ चावून रस गिळायचा आणि उरलेलं थुंकायचं ही त्यांची रीत. वडाची आणि उंबराची बारीक बी पोटातून जाते आणि कुठेतरी भिंतीच्या फटीत रुजते. गल्लीतल्या निम्म्या इमारतींच्या पाइपांमागे जे पिंपळाचं नि वडाचं रोप दर वर्षी उपटावं लागतं, त्यात या मंडळींचा हात आहे. पक्ष्यांचाही आहे, पण बोल यांनाच.

“कधीपासून आहेत?” मी विचारते.

“मी बॅज काढला त्याच्या आधीपासून. आमचे वडील इथे टांगा लावायचे, तेव्हापण होती म्हणायचे.”

“कुणी त्रास देत नाही?”

“पूर्वी लोक यायचे बेचक्या घेऊन. चरबी लावली की गुडघे धरत नाहीत म्हणे.” ते हसतात. “मग इथल्या बायकांनीच हाकललं. गणपतीत एकदा डीजे लावला होता इथंच. भर दुपारी सगळी उठली. आभाळ काळं. तासभर नुसती फिरत होती वर. तेव्हापासून डीजे नाक्यापुढे नेऊन लावतो आम्ही.”

झाडाच्या निवडीत ही ओळ कुठल्याच मोजमापात बसत नाही आणि तरी ती सगळ्यात जड आहे. उंची, घेर, पाण्याचं अंतर हे सगळं जुळूनही खाली बेचकी असेल तर झाड सुटतं. देवळाच्या आवारातले, दर्ग्यामागचे, देवराईतले वड-पिंपळ या प्राण्यांना इतके का मानवतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी झाडात नसून झाडाखालच्या माणसांत आहे.

साडेसहाला कलकलाट ओसरतो. एकेक जण पंखात गुंडाळून घेतो. पाय फांदीला आहेत, पण जोर लावून नाहीत. शरीराच्या वजनानेच पायातला स्नायुबंध ओढला जातो आणि नखं आपोआप आवळतात. सोडायलाच उलट कष्ट पडतात. झोपेत पडण्याचा प्रश्न येत नाही. मेलेलं वटवाघूळही कधीकधी तसंच लटकून राहतं.

दुपारचे दीड. रिक्षावाल्या दादांच्या मोबाइलवर एकेचाळीस दाखवतंय. वडाचं रूप पार बदललेलं आहे. सगळं झाड हलतंय, वारा मात्र नाही. प्रत्येक जण एक पंख उघडून स्वतःला वारा घालतोय. कुणी छाती आणि पंख चाटतंय, घामाऐवजी लाळ. मिनिटामागून मिनिटं हेच चाललेलं आहे, आणि बघणाऱ्याला स्वतःचा घाम पुसायचं भान राहत नाही. सकाळी दक्षिणेच्या उघड्या फांद्यांवर जे होते ते आता खोडाकडे, आतल्या सावलीत सरकलेत. वरच्या-खालच्या उतरंडीची कुणाला पर्वा नाही.

म्हणजे एकाच झाडाकडून दोन उलट गोष्टी मागितल्या जातात. पहाटे उघडी, हवेशीर, ऊन पोचणारी फांदी आणि दुपारी दाट गाभा. थंडीत हेच प्राणी उन्हात पंख पसरून बसतील. हे सगळं पुरवायला झाड मोठं लागतं. पाच वर्षांच्या रोपात उघडं आणि दाट असा फरकच नसतो. खोडाचा घेर आणि उंची जास्त असलेली झाडं आणि जवळ पाणी, हे भारत आणि शेजारच्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसतं. पाणी प्यायला तर हवंच. उडता उडता पोट पाण्यावर टेकवायचं आणि मग फांदीवर बसून ओली लव चाटायची, अशी यांची पद्धत. शिवाय पाण्याकाठच्या झाडाभोवती दुपार थोडी तरी सुसह्य असते. कल्याणला खाडी आहे, ठाण्याला तलाव. ही शहरं त्यांना आवडण्यासारखी होती.

आणि उष्णता हाताबाहेर गेली तर काय होतं तेही माहीत आहे. २०१८च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सजवळ पारा ४२च्या वर गेला तेव्हा दोन दिवसांत चष्मेवाल्या फळवाघळांपैकी २३ हजारांच्या आसपास मेली, त्या देशातल्या एकूण संख्येच्या जवळपास एक तृतीयांश. २०२०च्या मे महिन्यात गोरखपूरजवळच्या एका आमराईत अनेक वटवाघळं मरून खाली पडली. करोनाच्या धास्तीत लोकांना भलतंच वाटलं. तपासणीत कारण उष्माघात निघालं.

खालच्या फांदीवर एका मादीच्या पंखाआडून एक छोटं डोकं बाहेर येतं आणि परत आत जातं. फेब्रुवारी ते मे हा पिल्लांचा काळ. वर्षाला एकच पिल्लू. पहिले काही आठवडे आई त्याला पोटाशी घेऊन उडते, मग रात्री झाडावरच ठेवून चरायला जाते. म्हणजे या दिवसांत हे झाड रात्रीही रिकामं नसतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण वडाच्या खोडावर पांढऱ्या चुन्याने एक फुली मारलेली आहे. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची.

दुपारी चार. डोंबिवली पूर्व. कल्याणहून दोन स्टेशनं, पण वटवाघळांच्या हिशेबाने वेगळाच देश. इथे वड नाही. सोसायटीच्या कुंपणाला लागून ओळीने उंच, सरळ, पानं खाली लोंबणारे अशोक लावलेले आहेत. खरा अशोक नव्हेच हा, पण डोंबिवलीत दुसरा कुणी ओळखत नाही. मोठी वटवाघळं याच्याकडे ढुंकून बघणार नाहीत. फांदी नाही, झेप घ्यायला जागा नाही. मात्र तिसऱ्या झाडाखाली पार्क केलेल्या गाडीच्या काचेवर ठिपके आहेत आणि चावलेल्या बदामाचे तुकडे.

वॉचमन बोट दाखवतो तिथे बराच वेळ काही दिसत नाही. मग लोंबत्या पानांच्या पदराआत, खोडाला लागून, सात-आठ छोटे तपकिरी जीव एकमेकांना चिकटून टांगलेले दिसतात. आखूड नाकाचं फळवाघूळ, सायनॉप्टेरस स्फिंक्स. मुठीत मावेल एवढं. याला उघडा शेंडा नको, याला तंबू हवा, आणि तंबू तो स्वतः करतो. नर वेलीचे किंवा झाडाचे देठ आणि फांद्या कुरतडून आतल्या बाजूला पोकळी तयार करतो, वरची पानं छतासारखी खाली उतरतात. तामिळनाडूत १९९०च्या दशकात झालेल्या अभ्यासांत दिसलं की हे काम एकटा नर करतो, त्यात आठवडेच्या आठवडे जातात, आणि बांधकाम उरकल्यावर माद्या येतात. ताडाच्या पंख्यासारख्या पानाखाली, वेलींच्या जाळीत आणि या सोसायटी-अशोकात. आपण नुसत्या शोभेसाठी, कुंपणापलीकडचं दिसू नये म्हणून ओळीत लावलेलं झाड त्याच्या दृष्टीने तयार घराचा सांगाडा निघालं. शहर यांच्या बाजूने वाकलेलं असं क्वचित दिसतं.

“हे सगळे अशोक उतरवायचेत,” सेक्रेटरी खाली येतात. स्वर भांडणाचा नाही. “मेंबरांची कम्प्लेंट आहे. निपाहचं पेपरात आलं होतं ना.”

आलं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली, ती बातमी २०२१ची. गुहेतली वटवाघळं होती ती, जाती वेगळ्या होत्या, आणि महाराष्ट्रात त्यावरून माणसांत साथ पसरलेली नाही. मी सेक्रेटरींना एवढंच सांगते की पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका, त्यांनी चावलेलं फळ खाऊ नका, गाडी दोन जागा सोडून लावा. आणि झाड तोडलंत तर ही सात-आठ जणं मरणार नाहीत, शेजारच्या विंगच्या अशोकात जातील. या शेवटच्या मुद्द्यावर ते विचारात पडतात. शेजारच्या विंगशी त्यांचं बरं नाही, असं वॉचमन नंतर हळूच सांगतो.

सात वाजता मी ठाण्यात, उपवनच्या वरच्या अंगाला, येऊरच्या पायथ्याशी आहे. ऊन उतरलंय. समोर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. साग, ऐन, कुंभा, मोह, काटेसावर, हजारोंनी झाडं. माणूस नाही, गाडी नाही, सेक्रेटरी नाही. मग ही मोठी वटवाघळं दिवस काढायला इथे का येत नाहीत?

कुठलीच वटवाघळं इथे राहत नाहीत असं नाही, हे आधी सांगायला हवं. सव्वासातला झाडांच्या उंचीवर जी बारीक, वेडीवाकडी वळणं घेणारी भिरभिर सुरू होते ती किडेखाऊंची. त्यांची निवड वेगळी आहे: खोडातली ढोली, सुटलेल्या सालीखालची फट, मेलेल्या झाडातली चीर. म्हणून जंगलात उभं वाळलेलं झाड ‘निकामी’ म्हणून तोडणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. डोंगराच्या पलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या अंधाऱ्या दालनांत राहणारं रूसेटस हे फळखाऊच, पण जिभेने टकटक आवाज काढून प्रतिध्वनीवर वाट काढणारं. अंधार वाचता येतो म्हणून त्याला झाडाची गरजच नाही. आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच अभ्यासकाने १९६२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांवर लिहिलं तेव्हा लेण्यांतल्या वस्त्यांना त्यात मोठी जागा मिळाली होती.

पण टेरोपस? त्याला मे महिन्यात निष्पर्ण होणारा साग काय कामाचा? दुपारचा गाभा कुठून आणायचा? जंगलात झाड दुसऱ्या झाडाला खेटून असतं, भोवती मोकळी हवा नसते. पारावरचा वड एकटा असतो, चारी बाजूंनी उघडा, त्याला कुणी तोडलेलं नसतं म्हणून म्हातारा, आणि त्याच्या रात्रीच्या वाटेवर पेरू, चिकू, केळी, बदाम अशी माणसांनी लावलेली फळं. या जातीच्या भारतातल्या वसाहती दाट जंगलापेक्षा गावात आणि गावाजवळ जास्त सापडतात, त्यात नवल नाही. आपल्याला वाटतं शहर जंगलावर चढून आलं म्हणून बिचारी इथे अडकली. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांनी गावठाण निवडलं होतं. शहर गावठाणावर चढून आलं.

सात पस्तीस. पूर्वेकडून, घोडबंदर रोडवरच्या मनोऱ्यांच्या मधल्या फटीतून, पहिला मोठा आकार येतो. सावकाश, जड पंख. पाठोपाठ आणखी. एका रात्रीत पंधरा-वीस किलोमीटरचा पल्ला त्यांना अवघड नाही. ती कल्याणची असतील असं म्हणण्यात अर्थ नाही, ठाण्यातही जुनी झाडं अजून आहेत. ती डोंगरावरच्या मोहाकडे, उंबरांकडे जातात. वर एका बंगल्यातून गाणी सुरू होतात. मनोऱ्यांच्या पलीकडे विजेच्या तारा आहेत. दोन तारांच्या मधलं अंतर यांच्या पंखांपेक्षा कमी असलं की सकाळी तारेवर एक काळी चिंधी लटकलेली दिसते. तीही पकड सुटत नाही म्हणून.

कायदा आता त्यांच्या बाजूने आहे, हे निदान लोकांना माहीत तरी असावं. १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळवाघळं कावळे-उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती, कुणीही मारावं. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली आणि टेरोपस दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित झालं. झाडांसाठी १९७५चा महाराष्ट्राचा नागरी वृक्ष कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलंच तर झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावावी लागतात. कागदावर हे छान दिसतं. कल्याणच्या त्या वडाच्या बदल्यात शंभर रोपं लागतील समजा. पण त्या शंभरांतल्या एकाखालीही दोन मजले मोकळी हवा नसेल, एकालाही दुपारचा गाभा नसेल. वटवाघळांच्या मोजणीत त्या शंभरांची बेरीज शून्य आहे, आणि पुढची पन्नास वर्षं शून्यच राहणार आहे.

तोडण्याइतकीच वाईट म्हणजे चुकीच्या वेळची छाटणी. धोकादायक फांद्या उतरवायला हव्यात, खाली रिक्षा आहेत, माणसं आहेत. पण मे महिन्यात ज्या आडव्या फांद्या ‘पावसात पडतील’ म्हणून उतरवतात, नेमक्या त्याच यांच्या असतात, आणि त्यांवर पिल्लं असतात. तुमच्या गल्लीत असं झाड असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी अर्ज द्या, झाडाचा क्रमांक घाला, आणि छाटणी डिसेंबर-जानेवारीत, पिल्लं यायच्या आधी करून घ्या.